आईले घर पाहायले नेलं तेव्हा

ऐका, हे मले आत्ताच लिहायचं आहे. उद्यावर टाकलं तर मी त्याच्यात माह्या सोयीचे बदल करीन, मी स्वतःले ओळखते. फोन ठेवून अर्धा तास झाला असेल. आई स्वयंपाकघरात आहे अन् मी पलंगावर बसून दोन अंगठ्यांनी हे टाइप करून राहिली. शुद्धलेखन पाहू नका.

मी बी.कॉम. झाली अन् मग तीन वर्षं स्पर्धा परीक्षा. अमरावतीत राहत असाल तर सांगायची गरज नाही, इथं दर दुसऱ्या घरातलं पोट्टं अभ्यासिकेत बसलेलं असते. दोनदा पूर्व निघाली, दोन्ही वेळा मुख्यमध्ये आपटली. बाबा मी सातवीत असताना गेले. आई एका विनाअनुदानित शाळेत शिकवते, म्हणजे शिकवते पूर्ण अन् पगार येते अर्धा, तोही कधी कधी. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. घरमालकीणबाईले आमच्या मिक्सरचा आवाज चालत नाही, म्हणून आई अजूनही चटणी पाट्यावर वाटते. भिंतीले खिळा ठोकायचा तर विचारून ठोका. बाबांचा फोटो त्याच्यापायी कितीतरी दिवस कपाटावर टेकवून ठेवला होता.

तर एक दिवस मोबाइलवर तो व्हिडिओ आला. एक पैसा न लावता प्रॉपर्टीत सुरुवात करा. मी अकोल्याले त्यांच्या शिबिराले गेली. भर उन्हाळा, हॉलमधला एसी बंद, अन् स्टेजवरचा माणूस कोट घालून. घाम गळून राहिला होता त्याचा पण कोट काढला नाही. म्हणे, "तुम्हाले घर घ्यायचं नाही, घर विकायचं नाही. फक्त चिठ्ठी घ्यायची अन् चिठ्ठी द्यायची." माह्या अंगावर काटा आला खरंच.

ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. समजा एखाद्याले घर विकायचं आहे. तुम्ही भाव ठरवता, थोडी रक्कम इसार म्हणून देता अन् स्टॅम्पपेपरवर इसारचिठ्ठी करून घेता, की बाकीचे पैसे तीन महिन्यांत देऊन खरेदी लावून घेऊ. नाही जमलं तर तुमचा इसार बुडला. त्या तीन महिन्यांत तुम्ही जास्त भाव देणारी पार्टी शोधता अन् घर थेट तिच्या नावानं करून देता. मधला फरक तुमचा. सगळा खेळ चिठ्ठीतल्या एका ओळीवर असते, "तुमचे नावे किंवा तुम्ही सांगाल त्याचे नावे खरेदी करून देईन." विकणारा ती ओळ वाचत नाही. वाचली तरी त्याले वाटते, असंन, नवऱ्याच्या नावानं नाही तर बायकोच्या नावानं.

येताना बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी मोबाइलमध्ये सत्तावीस मुद्दे लिहून काढले होते. आईले फोन करून सांगितलं, दोन वर्षांत आपलं घर! आई म्हणे, "आधी जेवलीस का?"

सात महिने काही झालं नाही. वलगावपासून चांदूर रेल्वेपर्यंत फिरली, जिथं "विकणे आहे" दिसलं तिथं गेली. एका म्हाताऱ्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणे, "तू घेशीन घर? जाय माय, बापाले पाठव." मी म्हटलं बाप नाही. तर म्हणे, "मग भावाले पाठव."

मग मले दादा भेटला. त्याले सगळेच दादा म्हणतात. चाळिशीचा, मूळचा अकोल्याचा, वलगाव रोडले त्याचं प्लॉटचं ले-आउट होतं. माणूस वाईट नाही वाटायचा, मी अजूनही हे इमानदारीत सांगते. मले त्यानं सातबारा वाचायले शिकवला. त्याच्या ऑफिसात जायच्या आधी मले कोणी कुठं "बसा मॅडम" म्हटलं नव्हतं.

तो म्हणे, "एक घर आहे. जागा सोन्यासारखी. पण बाई जिद्दी आहे, माणूस पाठवला का दार लावून घेते. तुम्ही जा. अन् एकट्या नका जाऊ, आईले घेऊन जा."

"आईले काहून?"

"घर पाहायले बाई आली ना मॅडम, का विकणारीचं मन नरम होते. दलाल दिसला का भाव चढते, मायलेकी दिसल्या का उतरते. हे तुमच्या त्या कोटवाल्यानं शिकवलं का?"

"मग आईले काय सांगू? का कमिशनसाठी..."

"काहीच नका सांगू. खोटं बोलणारी बाई लगेच समजते. तिले खरं वाटलं पाहिजे."

मी हसली. मले ती आयडिया वाटली, कळते का तुम्हाले? मी त्या दिवशी त्याच्या हुशारीवर हसली.

आईले सांगितलं, एक घर आहे, बँकेचं कर्ज होऊन जाईल, पाहून तर घेऊ. आई म्हणे, "आपली ऐपत आहे का वं?" मी म्हटलं होऊन जाते, आजकाल सगळ्यांचंच होते. तिनं रविवारी ठेवणीतली साडी नेसली. घर पाहायले! ऑटोत बसून मले विचारते, "केस बरे आहेत ना?"

घर बडनेरा रोडच्या आतल्या गल्लीत होतं. तीन खोल्या, समोर ओसरी, मागं हौद अन् कढीपत्ता. अन् शेजारी, एकाच भिंतीले लागून, एक मोठं लॉन. लग्नाचं. त्या दिवशी तिथं कार्यक्रम नव्हता, फक्त खुर्च्यांचे ढीग दिसत होते.

काकू साठीच्या पुढच्या. काका एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते, ते जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगी अकोल्याले दिलेली, आता काकूले तिच्याकडं जायचं होतं, म्हणून घर विकणं. माह्याकडं तिनं पाहिलंही नाही. आईले म्हणे, "या ना ताई. तुमचे मालक नाही आले?"

आई म्हणे, "नाहीत ते. बारा वर्षं झाली."

"अवं माय," म्हणे काकू, अन् आईचा हातच धरला तिनं. माह्या लक्षात आलं, दादाचं गणित बरोबर होतं. अगदी तेव्हाच लक्षात आलं. मले आनंद झाला.

आईनं घर पाहिलं म्हणजे कसं पाहिलं! मी समजत होती, ती एक चक्कर मारीन अन् छान आहे म्हणीन. तिनं नळ सोडून पाहिला. कपाट कुठं बसते ते वीत टाकून मोजलं, दोनदा. मागच्या दारात उभी राहून विचारलं, ऊन किती वाजेपर्यंत असते इथं, कुरडया वाळतील का. काकू म्हणे, "चार वाजेपर्यंत हक्काचं ऊन आहे ताई. मी तर पाच-पाच किलोच्या करायची." मग दोघी हौदावर बसल्या अन् मी ओसरीत बसून दादाले मेसेज करून राहिली होती, काम होऊन राहिलं.

चहा पिताना काकूनं स्वतःहून सांगितलं. शेजारचा लॉनवाला दोन वर्षांपासून मागं लागला होता, त्याले गाड्या लावायले जागा पाहिजे होती. बाजारभावापेक्षा जास्त देऊन राहिला होता. पण काका बिछान्यावर असताना डीजेचा आवाज भिंतीतून यायचा, त्यांच्या छातीत धडधडायचं, उशी कानावर दाबून पडून राहायचे. काकू एक दिवस गेली त्याच्याकडं हात जोडून, थोडा कमी करा म्हणून. तो म्हणे, "काकू, लग्न आहे इथं, मयत नाही."

"आठव्या दिवशी मयत झाली," काकू म्हणे. "तिरडी निघाली तेव्हा त्याच्या दारात घोडी उभी होती. मी सोन्याची वीट दिली तरी त्याले ही जागा देणार नाही. माहं घर संसारवाल्याले पाहिजे. कोनी तरी चूल पेटवली पाहिजे इथं."

अन् आईकडं पाहून भावात दोन लाख कमी केले. आईनं घासाघीस केलीच नव्हती. तिले ती येतच नाही.

चिठ्ठी झाली. इसाराचे पैसे दादानं दिले, लिफाफ्यात घालून. म्हणे पार्टी तयार आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका. पार्टी कोण, मी विचारलं नाही. हे इथं लिहून ठेवते, मी विचारलं नाही. माझं पहिलंच काम होतं, मले वाटलं विचारलं तर तो म्हणीन, पोट्टी कच्ची आहे.

त्या अडीच महिन्यांत आई रोज त्या घरात राहिली. म्हणजे इथं राहून तिथं राहिली. चटणी वाटता वाटता म्हणायची, तिथं पाटा नको, तिथं मिक्सर. तिनं अन् काकूनं एकमेकींचे नंबर घेतले होते, ते मले माहीतच नव्हतं.

खरेदीच्या चार दिवस आधी दादानं सांगितलं पार्टी कोण ते. तुम्ही ओळखलंच असेल. लॉनवाला. लिफाफ्यातले इसाराचे पैसेही त्याचेच.

मी म्हटलं, "दादा, ती त्याले देणार नाही. तिनं मले तोंडावर सांगितलं."

"म्हणूनच तर तुम्हाले पाठवलं," दादा म्हणे. शांतपणे, चहा फुंकत. "सरळ दिलं असतं तर तुमची गरज काय होती मॅडम?"

मग त्यानं शिकवलं काय बोलायचं ते. बँकेनं कर्ज नाकारलं म्हणायचं. आता ही पार्टी घेतली तरच आमचा इसार सुटते म्हणायचं. मी "नाही" म्हणू शकत होती. चिठ्ठी माह्या नावानं होती, त्या दिवशी मी गप बसली असती तर मुदत संपली असती, लॉनवाल्याचा इसार बुडाला असता, काकूचं घर काकूकडं राहिलं असतं. एवढं सोपं होतं. मी काय केलं? मी घरी जाऊन आरशासमोर प्रॅक्टिस केली. रडवेला चेहरा कसा येते ते.

निबंधकाच्या ऑफिसात बाकावर काकू बसली होती, बाजूले जावई. मले पाहून म्हणे, "आई नाही आली?" मी म्हटलं तिची शाळा आहे. मग मी तिले बाजूले घेऊन सगळं सांगितलं, बँक, कर्ज, सगळं. रडायची प्रॅक्टिस केली होती पण ते खरंच आलं, कसं काय माहीत नाही. तेवढ्यात तो लॉनवाला आत आला, पांढरे कपडे, अन् काकूले समजलं पार्टी कोण.

ती उठून उभी राहिली. मले वाटलं आता ही निघून जाते. जा काकू, असं मले आतून वाटलं, शपथ घेऊन सांगते. जावई तिच्या कानात म्हणे, "चला आई. चिठ्ठीची मुदत जाऊ द्या, इसार आपल्यालेच राहते."

काकूनं त्याच्याकडं असं पाहिलं का तो मागं सरकला. "विधवेचा इसार गिळून मी कुठं जाऊ?" म्हणे. "अन् परत द्यायले माह्याकडं आहे का? तुमच्या वरच्या खोलीच्या बांधकामात लागला ना तो." मग माह्याकडं वळून माह्या डोक्यावर हात ठेवला. "तुह्या आईचा पैसा बुडू देत नाही मी, पोरी. रडू नको. मी करून देते सही."

कॅमेऱ्यासमोर बसली. अंगठा दिला. तो बाबू म्हणे, इकडं पाहा आजी, तर तिनं पाहिलं. लॉनवाल्याकडं एकदाही पाहिलं नाही. संमती देणार म्हणून खाली माझीही सही होती. माह्या आईचा त्यात एक रुपया नव्हता. तो पैसा ज्याचा होता तो समोर खुर्चीत बसून मोबाइल पाहून राहिला होता.

मले माझा हिस्सा मिळाला. मी त्याच संध्याकाळी आईसाठी कूलर आणला. अन् आईले काय सांगितलं माहीत आहे? सांगितलं का काकूनं जास्त भावात दुसऱ्याले विकलं. फिरली ती म्हातारी, असं सांगितलं. आईनं कूलरचं खोकं घडी करून ठेवलं. मग म्हणे, "तशी नव्हती वाटली वं." कूलरसमोर बसून म्हणे, "जाऊ दे, हा थंड मारते चांगला."

आठ दिवसांनी काकूचा फोन आला आईले. मी बाजूलेच होती. आवाज बाहेर येऊन राहिला होता. "ताई, मन खराब करून घेऊ नका. बँकेवाल्यांचं काय, त्यांले मानूस दिसत नाही. तुमच्या पोरीले बोलू नका, लय रडली बिचारी. तुमचा इसार मी बुडू दिला नाही, एवढंच माह्या हातात होतं."

आई माह्याकडं पाहून राहिली होती. अन् फोनवर म्हणून राहिली होती, "हो ना जी. हो. काय करता, नशीब."

फोन ठेवला अन् मले म्हणे, "आता सांग." मी सांगितलं. सगळं, लॉनवाल्यापर्यंत. मले वाटलं ती मारीन, ओरडीन. ती म्हणे, "मले तिथं काहून नेलं होतं?" मी म्हटलं, दादा म्हणे का बाई असली म्हणजे... ती म्हणे, "म्हणजे मी वीत टाकून मोजत होती तेव्हा तुले माहीत होतं." मी मान हलवली. तिनं उठून कूलरची पिन काढली. तो तेव्हापासून बंद आहे, त्याच्यावर आता धुतलेले कपडे ठेवतो आम्ही.

घर पाडलं, एका दिवसात. मी पाहायले गेली नाही. दादाचे फोन येत राहिले, तिकडं अचलपूरले एक घर आहे, तिथंही म्हातारी आहे, आईले घेऊन या. मी फोन उचलणं बंद केलं. त्याच्यात काही मोठेपणा नाही, मले फक्त भीती वाटायची का मी जाईन.

पण काकू थांबली नाही. दर आठ-दहा दिवसांनी फोन. मिळालं का घर, ताई? अकोल्यात राहून, अमरावतीत कोणी ओळखीचं घर विकून राहिलं का, ती आमच्यासाठी विचारत राहायची. आई दर वेळी काहीतरी सांगायची, पाहून राहिलो जी, थोडं थांबलो आहे. जी बाई चौथीच्या पोराले खोटं बोलला म्हणून पाच वेळा "मी खोटं बोलणार नाही" लिहायले लावते, ती माह्यासाठी दर आठवड्याले खोटं बोलून राहिली होती.

आज सकाळी पुन्हा वाजला. आईनं नाव पाहिलं अन् फोन माह्या हातात दिला. "आता तू बोल. माह्याच्यानं नाही होत." अन् स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं नाही.

"कोन, पोरगी का? बरं झालं," काकू म्हणे. आवाज एकदम खुशीत. "ऐक, जावयाच्या दोस्ताचं घर आहे बडनेऱ्याले. मी त्याले सांगून ठेवलं, विधवा मास्तरीण आहे, माह्या बहिणीसारखी आहे, भाव कमी कर. तो हो म्हणे. मागं ऊन पण आहे, मी विचारून घेतलं."

ऊन आहे का विचारून घेतलं तिनं!

मी म्हटलं, "काकू, बँक नव्हती." ती म्हणे काय? मी म्हटलं, "आम्ही बँकेत गेलोच नव्हतो. इसार आमचा नव्हता. त्याचाच होता, लॉनवाल्याचा. मले त्याच्यासाठीच पाठवलं होतं." एका दमात म्हटलं. मागून तिच्या नातवाचा का कोणाचा टीव्ही चालू होता, तो ऐकू येत राहिला.

मग काकूनं एकच विचारलं. "तुह्या आईले माहीत होतं का?"

आता तुम्हीच पाहा. घर पाहायले आली तेव्हा नव्हतं माहीत. पण हे सगळे फोन? त्या "हो ना जी" अन् "नशीब"? ते सांगितलं असतं तर माह्या आईची एकच मैत्रीण होती ती गेली असती. स्वयंपाकघरातली भांडी थांबली होती.

मी म्हटलं, "नाही काकू. तिले आताही माहीत नाही."

काकूनं तो टीव्ही बंद करायले लावला. मग म्हणे, "मग सांगू नको तिले. तिले सोसणार नाही." अन् फोन कट.

आई आतून आली नाही. मी गेली तर ती कुकर लावून राहिली होती. माह्याकडं न पाहता म्हणे, "आता तिचा फोन आला का मी काय बोलू?" तिनं कुकरचं झाकण दाबून बसवलं. ती म्हणे, "तू खरं सांगायले बसली होती ना?"

शिट्ट्या झाल्या, ती गॅस कमी करत नाही आहे. मले उठून जायचं आहे पण मी लिहून राहिली. तुमच्यासोबत झालं का असं कधी, का खरं सांगायले तोंड उघडलं अन् शेवटी पुन्हा कोणाले तरी खोटंच देऊन बसले? मग त्याच्यानंतर त्या घरात तुम्ही जेवायले कसे बसले? कोणाले माहीत असेल तर सांगा, मले खरंच पाहिजे आहे.